आठ मीटर तर आहे!

उंच कड्यावरून पडलं तर दोरी झेलते, बुटक्या कड्यावरून पडलं तर जमीन. हे गणित मेहुण्याने मला समजावलं, पण मी कड्यावर चढून बसल्यावर.

इंग्लंडात शेफील्डजवळ स्टॅनेज नावाची कातळाची लांबच लांब धार आहे. तिथला ग्रिटस्टोन इतका खरखरीत, की पूर्वी त्याची जाती घडवत. तयार झालेली, पण कुणी न नेलेली दगडी चाकं अजून पायथ्याला लोळताहेत. या दगडात बोल्ट ठोकायचे नाहीत, असा तिथला रिवाज. पुढच्याने भेगेत धातूचे नट अडकवत, त्यांत दोरी ओवत चढायचं आणि मागच्याने ते काढत यायचं. जो ब्राउन या मँचेस्टरच्या पोराने 1949 साली इथली ‘राइट अनकॉन्करेबल’ ही भेग सर केली. तो पेशाने बांधकाम कारागीर, हे ऐकून मी म्हणालो, “कारागिराला जमतं, मग इंजिनिअरला काय झालं?” बायकोने काही न बोलता थर्मासचं झाकण घट्ट केलं.

“भावोजी, तुमच्यासाठी ही बारकी भेग बघा. आठ मीटर तर आहे!”

पंजा भेगेत सरकवायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, म्हणजे हात आत फुगतो आणि पाचर बसते. माझाही हात फुगला. बाहेर काढल्यावर.

तरी गुडघे, कोपर आणि एकदा हनुवटीसुद्धा लावून मी सहाएक मीटर गाठले, आणि तिथे भेगेने एकाएकी असा आ वासला की त्यात ना पंजा बसेना, ना नट. शेवटचा नट राहिला चार मीटरवर. म्हणजे पडलो तर नटापर्यंत दोन, नटाखाली आणखी दोन, वर दोरीचा ताण आणि मेहुण्याने दिलेली ढील धरली, की हाती शिल्लक शून्य. शाळेत गणित कधी इतकं चटकन सुटलं नव्हतं. डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडू लागला.

खालून बायकोचा आवाज आला, “अहो, उतरताय, की पोहे झाकून ठेवू?”

उतरणं माझ्या हातात नव्हतं. हातात तसं काहीच नव्हतं.

अखेर सत्तरीच्या एका गोऱ्या आजीबाईंनी वरून अत्यंत अदबीने दोरी सोडली, हवामानाबद्दल दोन शब्द बोलल्या आणि मला बोचक्यासारखं वर ओढून घ्यायला नातवाला हाक मारली.

मागून मेहुणा नट काढत आला. ज्या चार मीटरवरच्या नटावर माझा काडीचा विश्वास नव्हता, तो त्याने सळीने ठोकला, हिसडला, त्याला शिव्याही घातल्या. तो तसूभर हलला नाही. त्याचे पैसे मला भरावे लागले.

तेव्हा मंडळी, कधी स्टॅनेजला गेलात आणि एखाद्या बारक्या भेगेत नट रुतलेला दिसला, तर जरूर काढून बघा. निघाला तर तुमचा. फक्त आमच्या मेहुण्याला कळवू नका.