वजनकाटेसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. वजनकाटेसाहेब,
सामानाची खिडकी, आंतरराष्ट्रीय उड्डाणे.



पत्रास कारण की, छोटी विमाने घेऊन परदेशातल्या स्पर्धांना जाणाऱ्या आपल्याकडच्या संघांच्या अहवालांत आपले नाव कुठेच नसते. संघनायक असतो, वैमानिक असतो, मार्गदर्शक प्राध्यापक तर पहिल्याच पानावर फोटोसकट असतात. विमानाचा आराखडा ज्यांनी खरोखर ठरवला, त्या आपला मात्र आभारातही उल्लेख नाही. लोधिवलीच्या एका रहिवाशाला ही कृतघ्नता पाहवली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपला अधिकार केवढा, हे आधी नोंदवलेले बरे. एसएई एअरो डिझाइन ही विद्यार्थ्यांची स्पर्धा १९८६ पासून अमेरिकेत भरते. टेक्सासातले फोर्ट वर्थ, फ्लोरिडातले लेकलंड, कॅलिफोर्नियातले व्हॅन नाइज ही तिची मैदाने. मुंबईच्या द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ‘डीजेएस स्कायलार्क’सारखे संघ तिथे उतरतात. स्पर्धेचा मुख्य मुद्दा असा की, विमानाने ओझे किती उचलले. पोरे त्यासाठी महिनोन्‌महिने संगणकापुढे बसून पंखाचा आकार घासूनपुसून काढतात आणि तीन मीटरचा पंख घेऊन आपल्यापुढे उभी राहतात. आपण शांतपणे सांगता: लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर, वजन २३ किलो. शंभर लांब, तीस रुंद, अठ्ठावीस उंच अशा खोक्यात मावेल तेवढेच वायुगतिशास्त्र!

मग पंख कापायचा. कुठे, हाही प्रश्न आपल्याच कृपेचा. उडताना पंखाला वाकवणारा ताण मधोमध, धडाशी सर्वांत जास्त असतो. दोन तुकडे केले तर सांधा नेमका तिथेच येतो. म्हणून तीन तुकडे करतात, मधला सलग ठेवतात आणि सांधे बाहेरच्या बाजूला सरकवतात. सांध्यात कार्बनची नळी, नळीला बाही, बाहीला स्क्रू. त्यांचे जेवढे ग्रॅम भरतात तेवढे ओझे विमान कमी उचलते. गुणपत्रिकेवर परीक्षकांच्या सहीशेजारी आपला शिक्का असायला काहीच हरकत नव्हती.

आपण ज्याला ‘एक नग’ म्हणता, त्यातली एक फासळी कधी जवळून पाहिली आहे का? बाल्साचे लाकूड, मुख्यतः इक्वेडोरमधले. जाडी दोन-तीन मिलिमीटर, तीही वजन वाचवायला भोके पाडून पोखरलेली. अंगठा जरा जोरात पडला की कट्‌! तिच्यावर प्लॅस्टिकची झिल्ली इस्त्री फिरवून अशी ताणून बसवलेली असते की टिचकी मारली तर ढोलकीच्या पुडीसारखी बोलते. या खोक्यावर ‘नाजूक’ असे लाल अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचून सामान उचलणाऱ्यांच्या अंगात काय संचारते, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

पुण्याकडून एखादा संघ जुन्या रस्त्याने मुंबईच्या विमानतळाला निघाला तर घाट उतरून खोपोली, चौक आणि मग लोधिवली. गाडीच्या टपावर लांबोडका खोका, आत पाय दुमडून झोपलेले भावी अभियंते, आणि खाली आमच्या भागातले गतिरोधक. लोधिवली म्हटले की लोकांना धीरूभाई अंबानी रुग्णालय आठवते. हमरस्त्यावरच्या अपघातात सापडलेल्यांना तिथे आणत असत. पंखांसाठी तशी सोय नाही. मोडलेल्या फासळीवर चिमूटभर खायचा सोडा आणि वर फेव्हिक्विकचा थेंब, एवढाच उपचार. क्षणात दगड होतो, आणि वजनही दगडासारखेच वाढते.

आपला हा अधिकार अमेरिकनांनी मात्र वेळीच ओळखला. त्यांच्या ‘डिझाइन, बिल्ड, फ्लाय’ या विद्यार्थी स्पर्धेत २०११ साली अटच होती की, विमान केबिनमध्ये नेता येईल अशा बाजारच्या बॅगेत बसले पाहिजे. २०१७ साली विमान नळकांड्यात घालून ते नळकांडे फूटभर उंचीवरून जमिनीवर टाकायचे होते, आणि तरीही विमान उडायला हवे होते. परीक्षकांनी कधीतरी आपल्या पट्ट्याशेजारी उभे राहून बॅगा कशा पडतात ते पाहिले असणार.

विमानांच्या एका जातीपुढे मात्र आपलीही मात्रा चालत नाही. एफ-१-डी वर्गातले, रबराच्या पिळावर उडणारे, बंद जागेतले विमान. पंख ५५ सेंटिमीटर, किमान वजन अवघे १.४ ग्रॅम. रुमानियातल्या स्लॅनिकच्या मिठाच्या खाणीत त्यांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. तिथे ते माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश, गोल गोल फिरत राहते. आपल्यावर ठेवले तर आकडा शून्य. त्याचा खोकाच त्याच्या शेकडो पट जड, आणि मालक तो खोका तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन बसतो.

छोट्या विमानांच्याच वेकफिल्ड चषक स्पर्धेच्या जुन्या काळात तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडची मंडळी विमान तेवढे बोटीने पाठवत आणि तिकडचा कोणी तरी ते त्यांच्या वतीने उडवी. वैमानिक घरी, विमान परदेशी. काही महाविद्यालयांचे हिशेब विभाग या पद्धतीचे मनापासून स्वागत करतील.

परतीच्या वाटेवर आपले सख्खे भाऊ, कस्टमचे टेबल, भेटतात. परदेशी ड्रोनच्या आयातीवर भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली. तेव्हा पंखे, बॅटऱ्या आणि तारा असलेले काहीही बॅगेतून निघाले की प्रश्न ठरलेला. शहाणी पोरे जातानाच ‘ही वस्तू इथूनच नेली आहे’ असा निर्यातीचा दाखला करून घेतात. बाकीची पोरे तिथे उभी राहून, हे विमान आम्हीच बनवले, असे शपथेवर सांगत बसतात. आणि ते इतके ठिगळलेले असते की अधिकाऱ्याला पटतेही.

तेव्हा विनंती एवढीच की, आपल्या अर्जावर ‘गोल्फची काठी’, ‘सर्फबोर्ड’, ‘वाद्य’ अशी खास सामानाची नावे असतात, त्यांच्या खाली ‘विमान’ हाही एक रकाना घालावा.

आपला,
लोधिवलीचा एक रहिवासी

ता. क. बॅटरीविषयी राहिलेच. शंभर वॅट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये विनापरवानगी नेता येते, त्यापुढे विमान कंपनीला विचारावे लागते. सहा सेलची ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १११ भरते, म्हणून पोरे ४५०० ची घेतात. ती भरते ९९.९. आपला काटा हे मोजत नाही, पण शेजारचा जवान चष्मा लावून लेबल वाचतो.