दिसायचंय, पण पोलिसांना नाही

नंबरप्लेटवर ४१४१ हा आकडा ‘दादा’ वाचता येईल असा वळवून घ्यायचा, बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवायचा आणि चौकात मामांनी शिट्टी मारली की ‘आम्हीच बरे दिसतो!’ म्हणून कुरकुरायचं. अहो, दिसण्यासाठीच तर पैसे मोजले होते! ‘गाडी माझी, पैसा माझा’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण कान लोकांचे असतात, आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे परस्पर बदल करू देत नाही. हेच सायलेन्सर दुकानात राजरोस विकले जातात, तिथे कारवाई का नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. फरक इतकाच की दुकानदार गप्प बसून विकतो; गिऱ्हाईक चौकाचौकात स्वतःची वर्दी स्वतःच देत फिरतं.