नानांची बेरीज

पक्ष हरला की पुढारी आत्मचिंतन करतात आणि नाना बेरीज करतात. आत्मचिंतनाला शिबिर लागतं, ठराव लागतात, शेवटी हायकमांडकडे अहवाल लागतो. बेरजेला कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाची मागची बाजू पुरते. आत्मचिंतनातून काही निघाल्याचं अजून कुणाच्या कानावर नाही. नानांच्या बेरजेतून मात्र दर वेळी उत्तर निघतं आणि ते दर वेळी एकच असतं : काँग्रेसचा जनाधार तसूभरही घटलेला नाही.

नाना सांगलीचे. ‘वसंतदादांच्या सांगलीचे’ असं ते स्वतः सांगतात, कारण नुसती सांगली आता कुणाची, हे त्यांना सांगवत नाही. खादीचा शर्ट, खिशाला एक निळं पेन, एक लाल पेन आणि एक शिसपेन्सिल. टोपी फक्त मतदानाच्या दिवशी आणि तेराव्याला. पक्षाने त्यांना आयुष्यात तिकीट दिलं नाही, महामंडळ दिलं नाही, साधं साखर कारखान्याचं संचालकपदही दिलं नाही. दिलेलं सर्वांत मोठं पद म्हणजे बूथप्रमुख आणि सर्वांत मोठी जबाबदारी म्हणजे सभा संपल्यावर सतरंज्या मोजून मंडपवाल्याच्या ताब्यात देणं. एका सभेला सतरंजी कमी भरली तेव्हा तिचे पैसे नानांनी खिशातून दिले. त्या सभेत व्यासपीठावर बसलेले बहुतेक जण आज दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर बसतात. सतरंजीचे पैसे कुणी परत केलेले नाहीत.

त्यांचं पहिलं मत 1971 सालचं, गायवासरावर मारलेला शिक्का. पुढच्याच वर्षी विधानसभेत काँग्रेसला 270 पैकी 222 जागा मिळाल्या. पहिल्या दिवाळसणाला जो पाहुणचार होतो तोच सासुरवाडीचा रोजचा रिवाज, असं एखाद्या जावयाने धरून चालावं, तसं नानांचं झालं. 222 ही त्यांच्या लेखी काँग्रेसची नेहमीची प्रकृती. त्यानंतरचं सगळं म्हणजे अधूनमधून येणारी कणकण.

कणकणीला कारणं असतातच आणि नानांकडे ती सालवार लावून ठेवलेली आहेत. 1977 ला लोक रागावले होते, पण रागावलेलं माणूस घर सोडून जातं का? 1978 ला काँग्रेसच्या दोन काँग्रेस झाल्या. दादा रेड्डी काँग्रेसमध्ये होते म्हणून नानाही तिकडे होते आणि पायाला फोड येईपर्यंत त्यांनी इंदिरा काँग्रेसच्या पंजाविरुद्ध प्रचार केला. ही गोष्ट ते सहसा सांगत नाहीत. आकडे मात्र सांगतात : ‘‘आपले 69, बाईंचे 62. करा बेरीज. 131! 99 वाल्या जनता पक्षापेक्षा किती पुढं?’’ 1995 ला 80 आल्या, पण 45 अपक्ष निवडून आले होते, ‘‘ते काय आकाशातून पडले? तिकीट न मिळालेले आपलेच की बरेचसे!’’ 1999 ला पवारसाहेबांनी वेगळी चूल मांडली, तेव्हा 75 अधिक 58, बरोबर 133.

एकूण, महाराष्ट्रात पक्ष एकच आहे, तो निरनिराळ्या नावांनी नांदतो, हा नानांचा सिद्धान्त. नोव्हेंबर 2024 मध्ये काँग्रेसच्या अवघ्या 16 जागा आल्या, त्या रात्री आता नाना अंथरूण धरतात की काय, अशी घरच्यांना धास्ती होती. सकाळी पाहतो तर स्वारी कट्ट्यावर, हातात कॅलेंडरचं पान.

‘‘आपले 16. शरद पवारांचे 10. अजितदादांचे 41. झाले 67.’’

‘‘नाना, अजितदादा सरकारात आहेत.’’

‘‘सरकारात असले म्हणून रक्त बदलतं का? पुढं ऐका. भाजपचे 132.’’

‘‘ते कसे धरता?’’

‘‘सगळे कुठं धरतोय? निम्मे धरतो. विखे कुठले? अशोकराव कुठले? निम्मे आपल्याकडूनच गेलेत. निम्मे म्हणजे 66. 67 अधिक 66 किती?’’

133.

‘‘1999 ला 133, आजही 133,’’ नाना पेनाला टोपण लावत म्हणाले, ‘‘पंचवीस वर्षांत एक आमदार कमी झाला असेल तर दाखवा.’’

दाखवता आला नाही. नानांच्या बेरजेत हीच गोम आहे, ती कधी चुकत नाही. चुकतात ती माणसं.

टक्केवारीचं मात्र नानांशी वाकडं आहे. एकदा मी त्यांच्यापुढे विधानसभेच्या मतांचे टक्के मांडले. 1990 ला 38, 1995 ला 31, 1999 ला 27, 2004 ला 21, 2014 ला 18, 2019 ला 16 आणि 2024 ला जेमतेम 12. कृष्णेचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा असं एका दिशेने उतरत नाही, मध्ये एखादा वळीव येतोच. नानांनी कागद लांब धरून पाहिला आणि विचारलं, ‘‘1995 ला 31 टक्क्यांत जागा किती? 80. आणि 2009 ला 21 टक्क्यांत? 82! टक्का दहाने घटला आणि जागा दोन वाढल्या. मग टक्क्याला काय चाटायचंय?’’

त्यांचा दुसरा मुद्दा तर अगदी बिनतोड होता. ‘‘2024 ला आपण लढलो 101 जागा, आणि हे शहाणे टक्का काढतात 288 चा. जिथं आपला माणूसच उभा नाही, तिथं लोकांनी मत द्यायचं कुणाला, भिंतीला?’’

यात तथ्य आहे. आघाडी झाली की मित्रपक्षाला सोडलेल्या मतदारसंघात पक्षाच्या खात्यावर शून्य पडतं. पण मग 2014 चं काय? त्या वर्षी आघाडी मोडली होती. काँग्रेस जवळपास सगळ्या जागा स्वबळावर लढली, आणि तरी मतं 18 टक्केच. हे काढल्यावर नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘‘2014 मोजायचं नाही,’’ ते म्हणाले, ‘‘ते साल अपवादाचं.’’

नानांची जोडी जमते ती समोरच्या अप्पांशी. अप्पा कमळाचे. पक्षाचं चिन्ह पणती होतं तेव्हापासूनचे, म्हणजे जनसंघापासूनचे. जून 2024 मध्ये लोकसभेचा निकाल लागला. राज्यात भाजप 23 वरून 9 वर आला आणि काँग्रेस 1 वरून 13 वर गेली. अप्पा दोन दिवस दार लावून होते. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राची घडी घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘जागा सोडा हो, मतं बघा. आमची 26 टक्के, तुमची 17. आमचा जनाधार आहे तिथंच आहे.’’

नाना इतके हसले की काकू बाहेर आल्या. ‘‘अप्पा, लोकसभेत बाकावर टक्का बसतो की खासदार?’’

पाच महिन्यांनी विधानसभेचा निकाल लागला आणि सगळा फड उलटला. या वेळी नानांनी आवाज खाली आणून म्हटलं, ‘‘जागांचं सोडा अप्पा, टक्का बघा.’’

‘‘बघितला,’’ अप्पा म्हणाले, ‘‘12.’’

तेव्हा निष्ठावंत हा प्राणी एका पक्षाची मिरास आहे, असं कुणी समजू नये. जिंकलेल्याला जागा आठवतात, हरलेल्याला टक्के आठवतात आणि दोन्हीकडून हरलेला बेरीज करतो.

नानांची खरी दौलत म्हणजे त्यांच्या बूथची मतदारयादी. दर निवडणुकीला नवी यादी आली की आधी नाना तिला पुठ्ठा घालतात. मग निळ्या पेनाने ‘आपलं’, लाल पेनाने ‘त्यांचं’ आणि शिसपेन्सिलने ‘काठावरचं’. लाल पेन जवळपास कोरं आहे. एखादं घर फुटल्याचं सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, त्याच्या दारावर कमळाचं स्टिकर असतं, तरी नाना तिथे पेन्सिलच चालवतात. ‘‘काठावर आलंय, पडलं नाही अजून.’’ मागची यादी मी चाळून पाहिली, पानंच्या पानं पेन्सिलीने करडी झालेली. सगळा वॉर्ड काठावर. मध्येच एका नावाभोवती निळी गोल खूण दिसली, आणि तसल्या खुणा पुढे बऱ्याच.

‘‘हे काय नाना?’’

‘‘वारले ते.’’

‘‘मग निळं कशाला?’’

‘‘मेले, पण फुटले नाहीत,’’ नाना म्हणाले.

पुढच्या यादीत ही नावं कमी होतात. नव्याने येतात ती अठरा पूर्ण केलेल्या पोरांची, आणि त्यांना नाना ओळखत नाहीत. मतदानाच्या दिवशी स्लिपा वाटायच्या टेबलावर बसायला पूर्वी पोरांची रांग असे, चहा आणि भडंगावर दिवसभर राबत. आता नानांनी एका पोराला ‘बसशील का’ विचारलं, तर त्याने ‘रोज किती’ विचारलं. नानांनी रोज दिला. टेबलाचं भाडंही दिलं.

सांगलीच्या काँग्रेसवाल्याचं आणखी एक दुखणं आहे, जे बाहेरच्याला कळायचं नाही. 1962 पासून 2009 पर्यंत लोकसभेची ही जागा काँग्रेसने सोडली नव्हती. 2014 ला ती भाजपने घेतली. 2019 ला नाना मतदानयंत्रापुढे उभे राहिले तर पंजाच नाही! जागा स्वाभिमानी पक्षाला सुटली होती आणि दादांचे नातू विशाल पाटील बॅट घेऊन उभे होते. 2024 ला जागा उद्धवसेनेला गेली. आघाडीची मशाल पैलवान चंद्रहार पाटलांच्या हातात आणि दादांचे नातू बंड करून अपक्ष, चिन्ह लिफाफा. पंजा पुन्हा नाहीच. नानांनी टोपी घातली, मशालीच्या टेबलावर बसले, मशालीच्या स्लिपा वाटल्या आणि आत जाऊन लिफाफ्याचं बटण दाबलं. सांगलीतल्या कितीतरी निष्ठावंतांनी तेच केलं असणार, कारण लिफाफा लाखाच्या फरकाने आला आणि मशाल तिसरी गेली. देशात काँग्रेसला 99 जागा मिळाल्या होत्या. विशाल पाटलांनी दिल्लीत जाऊन काँग्रेसला पाठिंबा दिला आणि नाना गल्लीभर सांगत सुटले, ‘‘शंभर! आकडा आपण पुरा केला!’’

तेव्हा त्या निवडणुकीत नानांचं मत निवडणूक आयोगाच्या वहीत काँग्रेसच्या नावावर नाही. आयोगाच्या दृष्टीने सांगलीत पंजाला शून्य मतं. इथे मात्र नानांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. पक्षावर जीव असलेला माणूस आकडेवारीत दिसत नाही, असंही होतं.

पण त्याच्या उलटही होतं, आणि ते नानांच्या स्वयंपाकघरात झालं. विधानसभेच्या आदल्या दिवशी धुणंभांडी करणाऱ्या मावशींना नानांनी स्लिप दिली. मावशींचं नाव यादीत वर्षानुवर्षं निळं. मावशींनी स्लिप पदराला बांधली आणि म्हणाल्या, ‘‘नाना, या बारीला नाही जमायचं. खात्यावर पंधराशे आल्यात.’’

‘‘अहो, आपण तीन हजार देणार आहोत!’’

‘‘देणार हाय तुमी,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘ह्यांनी दिलं.’’

नाना पेन्सिल शोधायला आत गेले.

निकालानंतर मावशींवरचा राग घरच्यांवर निघाला. रात्री जेवताना नानांनी ताटावरच हजेरी घेतली. थोरल्याने सरळ सांगितलं की आपण कमळाला दिलं, 2014 पासून तिथंच देतो, तुम्ही विचारलं नाही म्हणून बोललो नाही. सूनबाईंनी आमटी वाढता वाढता ‘मीही तिथंच’ म्हणून सांगून टाकलं. पुण्याहून मुद्दाम मतदानाला आलेल्या नातवाने नोटा दाबला होता. नाना काकूंकडे वळले. अर्धशतकभर काकूंचं मत त्यांनी न विचारता निळ्यात धरलेलं.

‘‘मी दादांच्या घराण्यातल्या सूनबाईंना दिलं,’’ काकू म्हणाल्या. पंजाचं तिकीट दुसऱ्याला मिळालं म्हणून त्या बाई अपक्ष उभ्या होत्या. ‘‘बाईमाणूस आहे, आपल्यातली आहे.’’

दोन काँग्रेसवाल्यांच्या भांडणात सांगली शहराची जागा भाजपने सलग चौथ्यांदा घेतली होती. तरी नानांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे आपलंच की ते!’’ ते म्हणाले आणि बोटांवर मोजू लागले. थोरला 2014 पर्यंत आपलाच होता, सून ही थोरल्याबरोबर, नातवाने निदान त्यांना तरी दिलं नाही, काकू तर आपल्याच. पाचपैकी पाच!

ही बेरीज आता काँग्रेसच्या मोठ्या नेत्यांनीही शिकून घेतली आहे, तेवढंच वाईट. नाना ती जीव लावून करतात, नेते ती वेळ मारून नेण्यासाठी करतात. पक्षाचा जनाधार घटला की नाही, याची चर्चा टीव्हीवर चालू द्या. आपल्या ओळखीच्या एखाद्या निष्ठावंताच्या घरात किती मतं आहेत आणि त्यातली त्याच्या पक्षाला किती पडली, एवढंच विचारून पाहा, मग तो निष्ठावंत कुठल्या का पक्षाचा असेना. नानांच्या घरात पाच मतं आहेत. पंजाला त्यातलं एक पडलं, म्हणजे 20 टक्के. राज्यात पक्षाला 12 टक्के पडली, त्या मानाने नानांचं घर अजून काँग्रेसचा बालेकिल्लाच म्हटलं पाहिजे.