मोडेन पण वाकणार नाही

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा मराठी बाणा भाषणात शोभून दिसतो. पंचाईत एवढीच, की आपली हाडंही तो मनापासून पाळतात. लहान मुलांची हाडं अजून इतकी तत्त्वनिष्ठ झालेली नसतात. ती ओल्या काटकीसारखी वाकतात, कधी एकाच बाजूने तडकतात. वयाबरोबर बाणा मुरत जातो आणि पावसाळ्यात एखाद्या शेवाळलेल्या पायरीवर त्याची प्रचिती येते.

अशा वेळी मोडलेल्या हाताला आधार द्यायला येणारी पट्टी, सॅम स्प्लिंट, मात्र बाणाबिणा मानत नाही. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्याला दोन्ही अंगांनी फोम, लांबी ३६ इंच, वजन दीडशे ग्रॅमच्या आत. गुंडाळून पिशवीत टाकता येते, साध्या कात्रीने कापता येते. व्हिएतनाम युद्धात काम केलेले अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञ सॅम शाइनबर्ग यांना ती च्युइंगगमच्या चांदीशी चाळा करताना सुचली, असं सांगतात. सपाट असताना ती अगदीच लेचीपेची. पण लांबीच्या दिशेने तिला मधोमध पन्हळीसारखा बाक द्या, की ताठ! पटत नसेल तर साधा कागद धरून पाहा. सपाट धरला तर मान टाकतो, बाक दिला की उभा राहतो.

सुश्रुताने मोडलेल्या हाडाला बांधायला वड, पिंपळ, उंबराच्या साली सांगितल्या आहेत. शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला आम्हाला मात्र सरळसोट लाकडी पट्टी मिळाली. हाताने पट्टीसारखं व्हावं, अशी तिची अपेक्षा असे.

सॅम स्प्लिंटला आकार द्यायचा तो चांगल्या हातावर, आणि मग ती अलगद दुखऱ्या हाताला लावायची. एकाचं माप दुसऱ्याने द्यायचं. भावकीत एवढं सहकार्य क्वचितच दिसतं.

खरा धोका असतो भोवती जमलेल्या जाणकारांचा. “बोटं हलतायत ना काका? मग काही मोडलेलं नाही!” मोडलेल्या हाताचीही बोटं हलतात, हो. दुसऱ्याला तेल लावून चोळून द्यायचं असतं. तिसरा हात ओढून ‘बसवायला’ निघतो.

तेव्हा अंगठी, बांगड्या आधी काढा. सूज चढली की निघत नाहीत. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे आधारात घ्या. बांधून झाल्यावर नख दाबून सोडा. रंग चटकन परतला नाही तर पट्टी सैल करा. घरात स्प्लिंट नसेल, तर मनगटाला जाडसं मासिक गुंडाळून बांधलं तरी दवाखान्यापर्यंत निभावतं. फक्त त्या चोळणाऱ्या गृहस्थांना १०८ला फोन लावायच्या कामाला लावा.