आबांचा भुजबळ आणि माझा

शेवग्याच्या चार शेंगा काढायला म्हणून मी कुंपणापाशी गेले. झाड आबांच्या दारातलं, पण निम्मं आमच्या बाजूला वाकलेलं. आबा खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "आबा, झाले ना तुमचे भुजबळ पुन्हा मंत्री!"

झालं. पेपरची घडी झाली आणि चष्मा कपाळावर गेला.

"माझे? माझे कशाला? तुमच्या येवल्याचे."

आबा आमच्याच येवल्याचे, पण सगळी नोकरी मुंबईत झाली आणि बिऱ्हाड माझगावात. रिटायर होऊन गावी परतले ते २००३ साली. पुढच्याच वर्षी छगन भुजबळ येवल्यात उभे राहिले. "माझगावातून सुटलो म्हणतोय तोवर हा माझ्या मागोमाग इथं!" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय.

"मी भायखळ्याच्या मंडईत त्याला भाजी विकताना पाहिलंय, सूनबाई," आबा म्हणाले. "तिथून नगरसेवक झाला १९७३ ला. मग महापौर, एकदा नाही, दोनदा. ८५ ला आमच्या माझगावचा आमदार. त्याचं भाषण म्हटलं की आम्ही कंपनीतून परस्पर जायचो, डबा हातातच. आणि ८६ साली सीमाप्रश्नाच्या आंदोलनात वेश पालटून बेळगावात शिरला, पोलीस शोधतायत आणि हा तिथंच! तेव्हा आमच्या चाळीत त्याचा काय भाव होता, तुला कल्पना नाही."

"मग बिनसलं कुठं?"

हे मला माहीत होतं. पण आबांना ते सांगायला आवडतं, आणि माझ्या शेंगा अजून काढून व्हायच्या होत्या.

"डिसेंबर ९१. नागपूरचं अधिवेशन. शिवसेना सोडून काही आमदार घेऊन निघाला काँग्रेसकडे. त्यातले बरेच परत फिरले, हा नाही फिरला. म्हणे मंडल आयोगाच्या प्रश्नावर पटलं नाही. असेल. मनोहर जोशींना विरोधी पक्षनेता केलं त्याचाही राग होताच की. पण तेव्हा बाळासाहेबांना सोडून जायचं म्हणजे... आमच्या चाळीत त्या रात्री कोणी जेवलं नाही."

आतून माईंचा आवाज आला, "तुम्ही जेवलात. भरीत होतं."

आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ९५ च्या निवडणुकीत माझगावनं भुजबळांना कसं पाडलं, नवखा बाळा नांदगावकर कसा निवडून आला, हे ते असं सांगतात की जणू सगळी मतं यांनीच मोजली. मग ९९ ला सरकार फिरलं, भुजबळ उपमुख्यमंत्री झाले, गृहखातंही हाती आलं. जुलै २००० मध्ये 'सामना'तल्या अग्रलेखांच्या जुन्या प्रकरणात बाळासाहेबांना अटक झाली. कोर्टानं मुदत टळली म्हणून प्रकरण त्याच दिवशी निकालात काढलं आणि ते घरी गेले. ते घरी गेले, पण आबांच्या डोक्यातून ती अटक अजून गेलेली नाही.

"आणि २००३ ला काय झालं?" आबांना आता वारा लागला होता. "अल्फा मराठीवर त्याची नक्कल केली, तर याच्या पक्षाच्या लोकांनी वाहिनीचं ऑफिस फोडलं. गृहमंत्री हा स्वतः! द्यावा लागला राजीनामा. तेलगीचे बनावट स्टॅम्पही त्याच दिवसांत गाजत होते."

मी म्हटलं, "आबा, हे सगळं तुमच्या मुंबईचं. आमच्याकडे आले ते भुजबळ वेगळे."

खरंच सांगते, मला ते आधीचं काही ठाऊकच नव्हतं. आमच्या घरी माग. आमचे हे बांगडी मोराचा पदर विणायला बसले की त्यांना सरकार कोणाचं हेही माहीत नसतं. मला भुजबळ म्हणजे गळ्यात मफलर, मागे गाड्यांची रांग आणि रस्ते. तालुक्यातले रस्ते झाले, हे त्यांच्या विरोधात मत देणाराही नाकारत नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली जिथं धर्मांतराची घोषणा केली, त्या मुक्तिभूमीचं काम झालं. आणि मांजरपाडा! पश्चिमेला वाहून जाणारं पाणी बोगद्यातून इकडे वळवायचं आणि दुष्काळी येवल्यापर्यंत आणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मांजरपाडा ऐकतेय. कालव्याला पहिल्यांदा पाणी दिसलं तेव्हा सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं होतं.

"पाण्याचं मी काही म्हणत नाही," आबा म्हणाले. आबांच्या भाषेत ही मोठीच कबुली. "पण महाराष्ट्र सदनाचं काय?"

हे आलंच. दिल्लीत नवं महाराष्ट्र सदन बांधायचं, सरकारनं ठेकेदाराला पैसे द्यायचे नाहीत, त्याऐवजी अंधेरीतल्या आरटीओच्या जागेचे विकासहक्क द्यायचे, असा तो व्यवहार. भुजबळ तेव्हा बांधकाममंत्री. ठेकेदाराचं भलं केलं आणि त्या बदल्यात घरच्या कंपन्यांकडे पैसा वळवला, हा आरोप. मार्च २०१६ मध्ये ईडीनं उचललं. पुतण्या समीर, आमच्या नाशिकचे माजी खासदार, महिनाभर आधीच आत गेलेले. दोन वर्षांहून जास्त काळ आर्थर रोड. येवल्याचा आमदार तुरुंगात आणि दाखल्यावर सही घ्यायला आम्ही फिरतोय त्यांच्या कार्यालयात. सुप्रीम कोर्टानं मनी लाँडरिंगच्या कायद्यातली जामिनाची कडक अट काढून टाकली, त्यानंतर मे २०१८ मध्ये हायकोर्टातून सुटले. दाढी पांढरीशुभ्र. टीव्हीवर बघून माई म्हणाल्या होत्या, "म्हातारा झाला गं."

"पण आबा, २०२१ ला विशेष कोर्टानं लाचलुचपतच्या खटल्यातून दोषमुक्त केलं की."

"केलं. मग ती दोन वर्षं कोणाच्या खात्यावर टाकायची?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आबांकडेही नसावं, कारण त्यांनी पेपर पुन्हा उघडला आणि लगेच मिटला.

"सगळ्यात मजा कशाची वाटते माहितेय? २०१९. शिवाजी पार्क. उद्धव मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतोय आणि त्याच मंचावर मंत्री म्हणून शपथ घ्यायला हा! ज्याच्या बापाला अटक झाली त्याच्या मंत्रिमंडळात. आणि दहा रुपयांची शिवभोजन थाळी, तीसुद्धा याच्याच खात्याची. मी खाऊन आलो एकदा. वरण बरं होतं."

मग २०२३ ला ते अजितदादांबरोबर गेले आणि त्याच पावसाळ्यानंतर मराठा आरक्षणाचं पेटलं. त्यावर आम्ही कुंपणावर बोलायचं टाळतो. माझं माहेर मराठा, आबा माळी. तेव्हा आमच्या तालुक्यात भुजबळांना काळे झेंडे दाखवणाऱ्यांत माझ्या चुलतभावाची पोरं होती, आणि अंबडच्या ओबीसी सभेला आबांचा पुतण्या गाडी भरून गेला होता. त्या सभेच्या आदल्या दिवशीच आपण मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, हे भुजबळांनी नंतर कधीतरी फेब्रुवारीत सांगितलं. ते महिने शेवगा मी रस्त्यावरून विकत आणला.

नोव्हेंबर २०२४ ला येवल्यानं पाचव्यांदा निवडून दिलं, आणि डिसेंबरात नागपूरला मंत्रिमंडळातून वगळले गेले. चिडले, रुसले, पाच महिने बाहेर बसले. आणि आज पेपरात फोटो. पुन्हा अन्न व नागरी पुरवठा.

मी म्हटलं, "आबा, पैठणीसारखंच आहे बघा. नाव पैठणचं, माग येवल्यात. हा माणूस माझगावचा, मतं येवल्यात."

आबा हसले. मोका बघून मी विचारलंच, "पण खरं सांगा, पाच निवडणुका झाल्या तुम्ही इथं आल्यापासून. तुम्ही मत कोणाला दिलं?"

"मत गुप्त असतं, सूनबाई."

माई ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, कुंपणावरून माझ्या हातात दिला आणि आबांकडे न बघता म्हणाल्या, "मफलर बघायचाय का तुला? पेटीत आहे. उन्हाळ्यात सुद्धा डांबरगोळ्या घालायला लावतात."

आबा म्हणाले, "शेंगा झाल्या असतील तर जा आता. उन्हं चढली."