स्थळ आलं का?

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या लग्नाळू पोराचा बायोडेटा मोबाइलवर गावोगाव फिरून आलेला असतो. उंची, वर्ण, शेती, मामाचं गाव, 'आसनगावहून लोकलने नोकरीला जातो'. तरी नकारच. भातसा धरणाचं पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर, हे मुलीच्या आईला तोंडपाठ असतं.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशीच मंडळी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून थेट कलेक्टर कचेरीवर गेली. बायको मिळवून द्या म्हणे! हसू नका. २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४च होत्या. बाकीच्यांचा हिशेब कलेक्टरने कुठून द्यायचा? तो घरोघरीच मागायला हवा. पण तिकडे घोडा वळत नाही.

आणि एखादी भेटलीच तर? एसटीत शेजारची स्वतःहून विचारते, "तुम्ही रोज याच गाडीला असता ना?" गडी कानापर्यंत लाल. खिडकीबाहेर बघत पुटपुटतो, "हो, ताई."

घरी आल्यावर चपला काढता काढता आईला विचारतो, "काही स्थळ आलं का गं?"