गव्हाळ बाहुलीचं प्रकरण

औग्सबुर्ग

तीर्थरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

शेजारणीला मुलगी झाली. तुझी नात म्हणाली, आपण बाहुली करून देऊ. तुझे जावई म्हणाले, विकत आणू. मग ते दुकानात गेले, हाताने शिवलेल्या बाहुलीची किंमत बघितली आणि घरी येऊन मुकाट्याने सुईत दोरा ओवायला बसले. विकतची परवडत नाही म्हणून तू आम्हाला चिंध्यांची करून द्यायचीस. इथे चिंध्यांचीच परवडत नाही!

इथून फार लांब नाही, डोनाउव्हर्थला केटे क्रूझे या बाईंच्या बाहुल्यांचं संग्रहालय आहे. १९०५ साली त्यांनी मुलीसाठी बाहुली मागितली, तर शिल्पकार नवऱ्याने बर्लिनहून कळवलं, विकतच्या बाहुल्या भयंकर असतात, तूच कर. बाईंनी टॉवेलात वाळू भरली आणि डोक्याच्या जागी बटाटा बांधला. पुढे त्यांचा बाहुल्यांचा मोठा कारखाना झाला. नवरा शिल्पकार, तरी बाहुलीला डोकं बटाट्याचं. संसार म्हणतात तो हाच. हे ऐकून जावई बटाट्याच्या टोपलीकडे बघायला लागले, पण मी परवानगी दिली नाही.

आमचं डोकं लोकरीचं. घट्ट गोळा करायचा, त्यावर सुती कापड ताणायचं आणि मध्यावर दोरा आवळून बांधायचा, म्हणजे कपाळ आणि गाल आपोआप वेगळे दिसतात. डोळे त्याच रेषेवर. जरा वर सरकले की बाळाची बाई होते. गुंड्यांचे डोळे नाही लावले, कारण तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातून बारीक भाग सुटून यायला नको, असा युरोपात नियमच आहे. म्हणून सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर घेऊन डोळ्यांचे दोन टिपके भरले, तोंडाचा एक. बस्स. वॉल्डॉर्फ पद्धतीच्या बाहुल्यांचा चेहरा मुद्दाम असाच मोघम ठेवतात. बाहुली हसते की रडते, ते मुलाने ठरवायचं. तुला व्हिडिओ कॉलवर ते अजिबात पटलं नाही. 'नाक कुठाय? कुंकू? नथ?' आणि मागून बाबा, 'पासपोर्टचा फोटो काढायचाय का तिचा?'

रंगावरून मात्र घरात परिषद भरली. नात म्हणाली, माझ्यासारखीच हवी. जावयांचा जुना पांढरा टी-शर्ट चहाच्या पाण्यात उकळला. चहाचा डाग सुती कपड्यावरून जात नाही, हे त्यांच्या ऑफिसच्या शर्टांनी आधीच सिद्ध केलं होतं. रंग सुरेख गव्हाळ आला. स्थळं बघताना 'गोरी'वर अडून बसणाऱ्या मावशीला फोटो जरूर दाखव.

परकर-पोलकं खणाचं. हो, तू माझ्या ब्लाउजसाठी पाठवलेल्याच खणाचं. काठावर साखळी टाका माझा, गहू टाका नातीचा. तिचा गहू जरासा ज्वारीकडे झुकलाय, पण तो उसवून नीट करायला मी ठाम नकार दिला. जावयांनी शेवटी धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी जोडली: कोमट पाणी, हाताने, पिळू नये. लोकर गरम पाण्यात आटते म्हणून. इथे वस्तूच्या आधी सूचना वाचतात, त्यामुळे चिठ्ठीचंच जास्त कौतुक झालं.

शेजारणीने परकर उलटा करून आतली शिवण तपासली आणि मग मला मिठी मारली. बाळाने बाहुलीची वेणी थेट तोंडात घातली. खेचली, चोखली, पण एकही धागा सुटला नाही. तुझी उलटी टीप आहे ती!

आता वरच्या मजल्यावरच्या आजींना नातवासाठी बाहुला हवाय. तेव्हा तुझ्या शिंप्याकडे उरलेले खणाचे तुकडे लवकर पाठव, हिरवे-जांभळे असले तर बरं. माझ्या ब्लाउजचं कापड वेगळ्या पिशवीत घालून वर माझं नाव लिही, नाहीतर नात तेही कापेल. आणि आई, पुडीत मणी, टिकल्या, नथ यातलं काहीही लपवून पाठवू नकोस.

बाबांना नमस्कार.

तुझी लेक